कर्ण्याचे जुने स्पीकर: डागडुजी, जोडणी आणि ऐकणे (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

इथली उत्तरे मुख्यतः चित्रपटगृहांतल्या दुपदरी स्पीकरांबद्दल आहेत: खाली मोठा वूफर (खालच्या स्वरांचा स्पीकर), वर धातूचा कर्णा. नमुना म्हणून अल्टेक लान्सिंगचा ए७ घेतला आहे. जेबीएल, व्हिटाव्हॉक्स, आरसीए, क्लिप्श या कंपन्यांच्या स्पीकरांनाही बहुतेक नियम तसेच लागू होतात, आणि जिथे होत नाहीत तिथे तसे सांगितले आहे. सगळ्या उत्तरांमागे आग्रह एकच आहे: आधी स्पीकर त्याच्या मूळ स्थितीत आणा, सुधारणा नंतर. मूळ आवाज कसा होता हे न ऐकताच केलेली सुधारणा बहुतेक वेळा दुसरा बिघाड ठरते.

कर्णा नेमके काय करतो?

स्पीकरचा पडदा जड असतो आणि समोरची हवा हलकी. त्यामुळे उघड्या स्पीकरची बहुतेक वीज कॉइल (पडद्याला हलवणारे तारेचे वेटोळे) तापवण्यातच जाते. कर्ण्याच्या अरुंद घशात हवेचा दाब मोठा आणि हालचाल छोटी असते. तोंडाकडे येईपर्यंत दाब उतरतो आणि हालचाल पसरते. त्यामुळे पडद्याला फारसे हलावे लागत नाही आणि आवाज मात्र मोठा निघतो. पडद्याची हालचाल कमी म्हणून विकृतीही कमी.

कर्णा किती खालच्या स्वरापर्यंत चालेल हे त्याचा फुगवटा आणि तोंडाचे माप ठरवते. ५०० हर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे ६९ सेंटिमीटर असते. अल्टेकचा ५११बी हा ५०० हर्ट्झचा कर्णा जवळपास ६० सेंटिमीटर रुंद आहे, तर ८०० हर्ट्झचा ८११बी सुमारे ४७ सेंटिमीटर. कर्णा लहान करून खालचा आवाज मिळवायची युक्ती अजून कोणाला सापडलेली नाही.

ए७ मध्ये काय काय असते?

अल्टेकने ‘व्हॉइस ऑफ द थिएटर’ ही मालिका १९४५ साली आणली. त्याआधी १९३६ मध्ये हॉलिवूडच्या एमजीएम स्टुडिओत डग्लस शिअरर, जॉन हिलियर्ड आणि जेम्स बी. लान्सिंग यांच्या मंडळींनी ‘शिअरर हॉर्न’ तयार केला होता. नंतरच्या बहुतेक चित्रपटगृहांच्या स्पीकरांची मांडणी त्यातूनच आली. लान्सिंग यांनी १९४६ मध्ये अल्टेक सोडून स्वतःची कंपनी काढली, तीच आजची जेबीएल.

ए७ हा त्या मालिकेतला आटोपशीर भाऊ. ‘आटोपशीर’ म्हणायचे ते त्याच्या थोरल्या भावंडांच्या मानाने, कारण ८२८ क्रमांकाची पेटीच १०७ सेंटिमीटर उंच, ७६ रुंद आणि ६१ खोल आहे. शिवाय कर्णा तिच्या डोक्यावर बसतो. पेटीत १५ इंची वूफर (८०३, नंतर ४१६) असतो. त्याच्यापुढे आखूड कर्णा आणि खाली हवेचे तोंड असते. वर ५११बी किंवा ८११बी कर्णा, त्याच्या मागे ८०२ किंवा त्याच्या कुळातला कॉम्प्रेशन ड्रायव्हर, म्हणजे कर्ण्याच्या घशात आवाज सोडणारा भाग. बाजारात या ड्रायव्हरला नुसते ‘युनिट’ म्हणतात.

महाराष्ट्रात असे स्पीकर कुठे सापडतात?

एकपडदा चित्रपटगृहे बंद पडली तशी पडद्यामागची सामग्री भंगारवाल्यांकडे गेली. मुंबईचा चोरबाजार आणि पुण्याचा जुना बाजार इथे अधूनमधून एकेक नग दिसतो, पण जोडी मिळणे कठीण. क्रॉसओव्हरचे (खालचा आवाज वूफरला आणि वरचा कर्ण्याला वाटून देणाऱ्या सर्किटचे) भाग आणि वायरी लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत मिळतात. ड्रायव्हरचे डायफ्रॅम (आतले पातळ पडदे) बहुधा परदेशातूनच मागवावे लागतात.

घेताना पेटीपेक्षा ड्रायव्हरला भाव द्या. पेटी सुतार पुन्हा करू शकतो, पण अल्निको (जुन्या मिश्रधातूच्या) चुंबकाचा ड्रायव्हर कोणी पुन्हा करून देत नाही. मल्टिमीटर आणि दीड व्होल्टचा सेल खिशात ठेवूनच जा.

मंडपातला किंवा देवळावरचा भोंगा घरी वापरता येईल का?

ऐकण्यासाठी नाही. तो दुमडलेला कर्णा बोलणे लांबवर पोचवण्यासाठी असतो. साधारण ३०० हर्ट्झच्या खाली आणि ६,००० हर्ट्झच्या वर त्यातून फारसे काही येत नाही. शिवाय त्यात बऱ्याचदा १०० व्होल्ट लाइनचा ट्रान्सफॉर्मर असतो. तो तसाच ठेवून घरच्या ॲम्प्लिफायरला जोडला तर आवाज अगदी क्षीण येतो, आणि लोक युनिट बाद समजून टाकून देतात. प्रयोग करायचाच असेल तर ट्रान्सफॉर्मर सोडवून युनिटच्या मूळ टोकांना जोडा.

स्पीकर घरी आणला. लगेच ॲम्प्लिफायरला लावू का?

नका लावू. घाई इथेच नडते. तीस वर्षे धूळ खात पडलेल्या युनिटच्या फटीत (चुंबकातल्या, कॉइल हलते त्या चिंचोळ्या जागेत) गंजाचा कण असेल, तर पहिल्याच जोरदार तानेला कॉइल घासून तुटते. पुढच्या क्रमाने जा.

पहिल्यांदा मल्टिमीटरने कॉइलचा रोध मोजा. ८ ओहमचे युनिट साधारण ५ ते ७ दाखवते, १६ ओहमचे १० ते १३. जुन्या अल्टेकमध्ये १६ ओहम सर्रास आढळतो. मॉडेलच्या क्रमांकापुढे ‘-८’ असेल तर ८ ओहम. मीटरवर काहीच आले नाही तर कॉइल किंवा तिची बाहेर येणारी पट्टी तुटली आहे. शून्याच्या आसपास आले तर कॉइल जळून आत चिकटली आहे.

मग वूफर पाहा. दोन्ही अंगठे मधल्या धूळटोपीच्या दोन बाजूंना सारख्या अंतरावर ठेवून कोन (वूफरचा शंकूसारखा पडदा) हलकेच आत दाबा. खरखर जाणवली तर कॉइल घासते आहे. एका बाजूने दाबल्यास कोणताही वूफर घासल्यासारखा वाटतो, म्हणून दाब समान हवा.

यानंतर दीड व्होल्टचा सेल क्षणभर वूफरच्या टोकांना लावा. धन टोक लाल खुणेवर असताना कोन बाहेर आला तर खूण आजच्या रीतीने आहे. जुन्या जेबीएलमध्ये नेमके उलटे असते: लाल टोकाला धन दिल्यावर कोन आत जातो. अल्टेकचा वूफर आणि जेबीएलचे युनिट अशी मिसळ असेल तर हे लिहूनच ठेवा.

शेवटी युनिटची पाळी. ते कर्ण्यावर बसवलेलेच असू द्या. कर्ण्याविना पडद्यापुढे भार नसतो आणि तो भलताच हलतो. ध्वनिजनित्रातून किंवा फोनच्या टोन ॲपमधून ॲम्प्लिफायरमार्गे सुमारे १ व्होल्ट द्या. ८ ओहमला ही अवघी एक अष्टमांश वॅट होते. मालेत (सिरीजमध्ये) ४७ मायक्रोफॅरडचा नॉन-पोलर कपॅसिटर ठेवा. ८०० हर्ट्झपासून सुरू करून वर ८,००० पर्यंत हळू सरका. स्वच्छ सूर आला तर ठीक. एखाद्याच जागी भुणभुण आली तर कण किंवा सैल स्क्रू. सगळीकडे खरखर असेल तर कॉइल घासते आहे. तिथे थांबा आणि युनिट उघडा.

युनिट उघडून डायफ्रॅम कसा साफ करायचा किंवा बदलायचा?

टेबल लाकडी हवे आणि त्यावर लोखंडाचा कीस एक कणही नको. पितळी किंवा चुंबकाला न चिकटणारा स्क्रूड्रायव्हर वापरा. नेहमीचा स्क्रूड्रायव्हर चुंबक हातातून ओढून घेतो आणि तो थेट डायफ्रॅममध्ये घुसतो. नष्ट होणाऱ्या डायफ्रॅमांतले बरेचसे दुरुस्तीच्या टेबलावरच, अशाच रीतीने जातात.

मागचे झाकण काढण्याआधी वायरींचे फोटो घ्या आणि डायफ्रॅमची दिशा पेन्सिलने खुणेने नोंदवा. ८०२ च्या घडणीत डायफ्रॅम चुंबकाच्या मागच्या अंगाला असतो आणि आवाज मध्यातल्या छिद्रातून पुढे येतो, त्यामुळे झाकण निघाले की घुमट समोरच दिसतो. जेबीएलच्या काही जुन्या युनिटांत झाकणाच्या आत फोमची चकती असते. ती वयाने कुजून काळा चिकट लगदा होते आणि घुमटावर पडते. असा फोम सगळा खरवडून काढा आणि तेवढ्याच जाडीची लोकरी फेल्ट लावा.

डायफ्रॅमचे स्क्रू आमनेसामनेच्या जोडीने सैल करा आणि कडेला धरून सरळ वर उचला. घुमटाला बोट लावू नका. ॲल्युमिनियमचा घुमट कागदाहून पातळ असतो आणि एकदा पडलेला पोचा पुन्हा सरळ होत नाही.

आता फट. व्हिजिटिंग कार्डाची पातळ पट्टी कापून तिला दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लावा आणि फटीतून गोल फिरवा. टेप स्वच्छ निघेपर्यंत पट्ट्या बदलत राहा. ब्लोअर मारू नका, त्याने कीस आणखी खोल जातो. सॅंडपेपर तर अजिबात नको, कारण त्याने फट रुंदावते आणि नवा कीसही तयार होतो.

नवा डायफ्रॅम असेल तर आधी त्याचा रोध जुन्याशी ताडून पाहा. मार्गदर्शक खुंट्या असतील तर तो त्यांवर बसवा. नसतील तर स्क्रू बोटाने फिरतील इतकेच सैल ठेवून झाकण आणि कर्णा लावा आणि वर सांगितल्याप्रमाणे १ व्होल्टचा सूर द्या. भुणभुण जाईपर्यंत डायफ्रॅम केसभर सरकवा. मग आमनेसामनेच्या क्रमाने पाव-पाव फेरा घट्ट करा. घट्ट केल्यावर पुन्हा एकदा सूर ऐका, कारण शेवटच्या फेऱ्यात तो सरकतो.

जोडीत एक डायफ्रॅम जुना आणि एक नवा ठेवू नका. मूळ डायफ्रॅम ॲल्युमिनियमचे असले तर ॲल्युमिनियमचेच घ्या. टायटॅनियम ताकद सोसतो, पण त्याचा सगळ्यात वरचा सप्तक निराळा लागतो. गाणे ऐकायचे असेल तर तो मोह टाळावा.

चुंबक उतरला आहे, म्हणजे त्याचा जोर कमी झाला आहे, हे कसे कळणार?

दोन्ही युनिटे एकाच कर्ण्यावर, एकाच जागी, एकाच व्होल्टला आळीपाळीने लावा आणि २,००० हर्ट्झला आवाज मोजा. फोनवरचे ॲपही चालते, कारण इथे फरक मोजायचा आहे. दोन्ही निरोगी असताना १ ते ३ डेसिबलचा फरक आला तर चुंबकाचा संशय घ्या. अल्निको जोरदार आपटल्याने, खूप मोठ्या करंटने किंवा चुंबक त्याच्या लोखंडी भागापासून वेगळा काढल्याने उतरतो. शेवटचे कारण लक्षात ठेवा. चुंबकाची मुख्य रचना खोलून साफ करण्याचा विचारही करू नका. उतरलेला चुंबक पुन्हा भरता येतो, पण त्यासाठी स्पीकरचे चुंबक भरण्याचे यंत्र असलेला कारागीर लागतो.

वूफरचा कोन फाटला आहे. री-कोन करू का, म्हणजे नवा कोन बसवू का?

आधी थांबा. अल्टेकच्या ४१६ किंवा ५१५ वूफरच्या कोनाची कड कापडी किंवा कागदी घडीची, वर डोप (चिकट लेप) लावलेली असते. ती फोमसारखी कुजत नाही. मूळ कोनाचे वजन आणि ताठरपणा आजच्या तयार किटमध्ये क्वचितच जुळतो, म्हणून लहान फाटीसाठी री-कोन म्हणजे सोन्याची वीट देऊन पितळ घेणे. फाट कोरडी झटका, तिच्या दोन्ही बाजूंना पतंगाच्या कागदाची बोटभर पट्टी, निम्मे पाणी घातलेल्या फेविकॉलने लावा आणि रात्रभर वाळू द्या. उंदराने मोठा लचका तोडला असेल किंवा कॉइल जळली असेल तरच री-कोन करा.

वर्षानुवर्षे उभा राहून कोन वजनाने खाली झुकला असेल तर वूफर अर्धा फेरा फिरवून बसवा.

क्रॉसओव्हरमधले सगळे भाग बदलून टाकू का?

नाही. आधी प्रत्येक कपॅसिटरचे एक टोक सोडवून एलसीआर मीटरने (कपॅसिटरचे माप दाखवणाऱ्या मीटरने) मोजा. छापलेल्या मापाच्या दहा टक्क्यांच्या आत असेल आणि गळत नसेल तर तो बदलायची घाई नाही. इलेक्ट्रोलिटिक मात्र वीस-तीस वर्षांत हमखास बिघडतात. त्यांच्या जागी त्याच मापाचे पॉलिप्रॉपिलीन घाला. इलेक्ट्रोलिटिकला स्वतःचा थोडा रोध असतो आणि पॉलिप्रॉपिलीनला जवळजवळ नसतो. त्यामुळे बदलल्यावर वरचा आवाज टोचू लागला तर मालेत अर्धा ओहम घालून पाहा. कॉइली आणि ऑटोट्रान्सफॉर्मर सहसा बिघडत नाहीत, त्यांना हात लावू नका. कॉइल बदलली की तिचा रोध बदलतो आणि त्याबरोबर वूफरची वागणूकही.

तेलाचे कॅन जपून हाताळा. क्लिप्शच्या जुन्या क्रॉसओव्हरमध्ये १३ आणि २ मायक्रोफॅरडचे असे डबे असतात. १९७९ पूर्वीच्या अमेरिकी डब्यांत पीसीबी हे विषारी तेल असू शकते. डबा कोरडा असेल तर उघडू नका. ओलसर दिसला तर हातमोजे घालून काढा, जाड प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत बंद करा आणि घातक कचरा घेणाऱ्यांकडे द्या. जाळणे सगळ्यात वाईट.

लाकडी पाटीवरची फिरकीची एल-पॅड (युनिटचा आवाज कमी-जास्त करणारी रोधांची जोडणी) खरखरत असेल तर काँटॅक्ट क्लीनर मारून तीस-चाळीस वेळा टोकापासून टोकापर्यंत फिरवा. तरी खरखर राहिली तर ती काढून स्थिर रोधांची जोडी लावा, मापे पुढच्या उत्तरात आहेत.

सक्रिय क्रॉसओव्हर (ॲम्प्लिफायरच्या आधी बसणारा) आणि प्रत्येक भागाला वेगळा ॲम्प्लिफायर वापरणार असाल तर युनिटच्या मालेत ६८ ते ८० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ठेवाच. ॲम्प्लिफायर सुरू-बंद होतानाचा धक्का त्याच्याविना थेट डायफ्रॅमला बसतो. ८ ओहमला ८० मायक्रोफॅरड म्हणजे २५० हर्ट्झ, म्हणजे ८०० च्या क्रॉसओव्हरला त्याचा फारसा त्रास होत नाही.

कर्ण्याचा आवाज अंगावर येतो, पण झांजा मात्र मंद. दोन्ही एकदम कसे?

हा सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे, आणि याचे उत्तर चित्रपटगृहात दडलेले आहे. युनिट वूफरपेक्षा बरेच जास्त कार्यक्षम असते, म्हणून ते दाबावे लागते. दुसरीकडे कॉम्प्रेशन ड्रायव्हरच्या पडद्याचे वजन ३ ते ४ हजार हर्ट्झच्या वर आड येते आणि तिथून आवाज सतत उतरत जातो. १९३० च्या दशकाअखेरच्या ‘ॲकॅडमी कर्व्ह’ या चित्रपटगृहांच्या आवाजाच्या मानकामध्ये वरचा आवाज मुद्दामच कापलेला असे, त्यामुळे थिएटरात हे खटकत नसे. घरी खटकते.

उपाय दोन पायऱ्यांचा. आधी मधला भाग वूफरच्या पातळीला आणा. ८ ओहमच्या युनिटसाठी:

६ डेसिबल कमी करायला मालेत ४ ओहम, युनिटला समांतर ८ ओहम.
८ डेसिबलला मालेत ४.८, समांतर ५.३.
१० डेसिबलला मालेत ५.५, समांतर ३.७.

रोध १० वॅटचे वायरवाउंड घ्या. नेमका आकडा बाजारात नसतो, दोन रोध मिळवून करा. ए७ ला बहुधा ६ ते १० च्या दरम्यान काहीतरी लागते. आधी ६ लावून आठवडाभर ऐका.

मग मालेतल्या रोधाला समांतर एक छोटा कपॅसिटर लावा. ५.५ ओहमला ४.७ मायक्रोफॅरड लावल्यास सुमारे ६,००० हर्ट्झच्या वरचा आवाज न दाबता पुढे जातो आणि झांजा, घुंगरू, तंबोऱ्याची जवारी परत येते. जास्त वाटले तर ३.३ करून पाहा. वेगळा ट्वीटर लावण्याआधी हे करून पाहाच, कारण तिसरा भाग आला की त्याची जुळवणी आणखी अवघड होते.

धातूचा कर्णा बोटाने टिचकी मारल्यावर घंटेसारखा वाजतो.

५११बी आणि ८११बी ओतीव ॲल्युमिनियमचे आहेत आणि ते खरोखरच झंकारतात. बाहेरून गाडीच्या दारांना लावतात ती २ मिलिमीटरची डांबरी डॅम्पिंग शीट लावा. हेअर ड्रायरने किंचित गरम करून दाबली की नीट बसते. आतून काहीही लावू नका. युनिट आणि कर्ण्यामधली गॅस्केट बघायला विसरू नका. तिथून हवा फुटली तर उपयोग नाही.

पेटीला वाळवी लागली आहे.

भोके टोचून पाहा. सुई आत घुसत राहिली तर तो तुकडा कापावाच लागेल. घरच्या वापरासाठी १९ मिलिमीटर मरीन प्लाय (आयएस ७१०) घ्या. साधा कमर्शियल प्लाय (आयएस ३०३) कोकणात दोन पावसाळ्यांत फुगतो. वाळवीचे औषध मारण्याआधी वूफर काढून दूर ठेवा, आणि लाकूड पूर्ण वाळल्यावरच परत बसवा. सांधे सुटले असतील तर गोंद आणि क्लॅम्प, वर खिळे नकोत. आतली ग्लासवूल काढताना मास्क आणि हातमोजे घाला.

जुना राखाडी रंग किंवा स्टेन्सिलने मारलेली अक्षरे मात्र राहू द्या. पेटी घासून मेलॅमाइन पॉलिश मारली तर आवाज तोच राहतो, पण तिचा इतिहास आणि किंमत दोन्ही जातात.

खालचा आवाज कमी वाटतो. बिघाड आहे का?

बहुधा नाही. पुढचा आखूड कर्णा साधारण १५० हर्ट्झच्या वर काम करतो. त्याखाली फक्त हवेचे तोंड साथ देते आणि ६० च्या खाली फारसे काही उरत नाही. ए७ मोठ्या सभागृहात संवाद पोचवण्यासाठी बनला होता. पखवाज किंवा तबल्याचा डग्गा हवा असेल तर वेगळा सबवूफर ६० ते ७० हर्ट्झला जोडा. भिंतीजवळ आणल्यानेही थोडी भर पडते.

कर्णा वूफरच्या किती मागे ठेवावा?

आवाज १ मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. युनिटची कॉइल आणि वूफरची कॉइल यांतले अंतर क्रॉसओव्हरच्या जागी उमटते. यासाठी युनिटच्या वायरी मुद्दाम उलट्या जोडा आणि ऐकायच्या जागी बसून क्रॉसओव्हरच्या वारंवारतेचा सूर लावा. कर्णा पुढेमागे एकेक सेंटिमीटर सरकवा. सूर जिथे सर्वांत क्षीण होईल ती योग्य जागा. मग वायरी सरळ करा. मायक्रोफोन आणि ‘रूम ई-क्यू विझार्ड’ हे मोफत सॉफ्टवेअर असेल तर तो खड्डा पडद्यावर दिसतो, पण कानानेही चांगले जमते.

ॲम्प्लिफायर किती वॅटचा?

ए७ साधारण १ वॅटला १ मीटरवर १०० डेसिबलच्या आसपास देतो. ८६ डेसिबलच्या बुकशेल्फ स्पीकरला तेवढ्याच आवाजासाठी २५ वॅट लागतात. म्हणून इथे ८ वॅटचा ३००बी व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायरही घर भरून टाकतो. खरी अडचण सुसाटीची आहे. शांत खोलीत युनिटमधून ‘स्स्स’ ऐकू आली तर ती ॲम्प्लिफायरची आहे की आधीच्या साखळीची, हे इनपुट वायर काढून ठरवा. आधीची असेल तर इनपुटला १० किलोओहम मालेत आणि १.१ किलोओहम समांतर लावून २० डेसिबल घटवा. ॲम्प्लिफायरची स्वतःची असेल तर वरची एल-पॅडच ती कमी करते.

अमेरिकेतून आलेला जुना थिएटर ॲम्प्लिफायर इथल्या विजेवर चालेल का?

११७ व्होल्ट, ६० हर्ट्झचा असेल तर नुसता ‘११७ चा स्टेपडाउन’ (व्होल्ट उतरवणारा ट्रान्सफॉर्मर) पुरत नाही. ५० हर्ट्झवर ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यात चुंबकीय भार वीस टक्के वाढतो आणि तो तापतो. ११० व्होल्टच्या टोकावर चालवा आणि तासाभराने हात लावून बघा. पहिल्यांदा सुरू करताना मालेत १०० वॅटचा साधा, तारेचा बल्ब लावा. बल्ब लख्ख पेटून राहिला तर आत कुठेतरी शॉर्ट आहे. जुने फिल्टर कपॅसिटर आधी बदला. या ॲम्प्लिफायरात ४०० व्होल्टहून जास्त वीज बंद केल्यावरही उरते. ती रोधातून उतरवल्याशिवाय आत हात घालू नका.

फील्ड कॉइलचा स्पीकर मिळाला आहे. चुंबकच नाही!

चुंबक आहे, फक्त तो विजेने बनतो. वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या ५५५ युनिटला ७ व्होल्ट आणि दीड अँपिअर डीसी लागते. इतर काही स्पीकरांना शंभराहून जास्त व्होल्ट लागतात, म्हणून आधी फील्डचा रोध मोजा. फील्ड आधी सुरू करा, गाणे नंतर. बंद करताना उलट क्रम. चालू असताना तार सोडवली तर कॉइल जबर धक्का देते, म्हणून तिच्या टोकांना उलट्या दिशेने १एन४००७ डायोड लावून ठेवा. जुन्या पुरवठ्यात सेलेनियमचा रेक्टिफायर असेल तर तो बदलाच. जळला तर त्याचा धूर घातक असतो.

खोली केवढी हवी?

दोन्ही भागांचा आवाज एकत्र मिसळायला किमान ३ मीटर अंतर लागते. दहा बाय बाराच्या खोलीत ए७ लावू नका. वूफर आणि कर्णा वेगवेगळे ऐकू येतात आणि दोष स्पीकरवर जातो.

क्लिप्शॉर्नचे गणित वेगळे आहे. पॉल क्लिप्श यांनी अमेरिकेतल्या आर्कान्साच्या होप गावी १९४६ पासून विकलेल्या या स्पीकरात खोलीचा कोपरा हाच वूफरच्या कर्ण्याचा शेवटचा भाग असतो. कोपऱ्यापासून दोन्ही बाजूंना सव्वा मीटर भरीव भिंत हवी. दार, खिडकी किंवा पोकळ पार्टिशन आले की खालचा आवाज गळून जातो. पेटी आणि भिंतीच्या मधली फट फोमच्या पट्टीने बंद करा. इंग्लंडच्या व्हिटाव्हॉक्सचा सीएन१९१ क्लिप्शच्या परवान्यावरच बनत असे, त्यालाही हाच नियम.

७८ च्या जुन्या तबकड्या यांवर कशा वाजवाव्यात?

बालगंधर्व किंवा मास्टर दीनानाथ यांचा आवाज कर्ण्यातून समोर उभा राहतो, ही गोष्ट शब्दांत सांगता येत नाही. पण तबकडीची खरखरही तेवढीच उभी राहते. सुमारे ७५ मायक्रॉनच्या टोकाची सुई वापरा, एलपीची सुई रुंद खाचेच्या तळाशी आपटते. एलपीसाठीची आरआयएए दुरुस्ती (वाजवताना खालच्या-वरच्या स्वरांचा तोल परत आणणारी) १९५४ ची आहे, तिच्या आधीच्या तबकड्यांना ती जुळत नाही, त्यामुळे फोनो प्रीॲम्पमध्ये वेगळी सोय हवी. १९२५ पूर्वीच्या तबकड्या तर कर्ण्यातच गाऊन भरलेल्या, जशा गौहर जान यांच्या १९०२ सालच्या कलकत्त्यातल्या. त्यांत ५,००० हर्ट्झच्या वर खरखरीशिवाय काही नाही, तिथेच कापा. आणि एकध्वनीची तबकडी एकाच स्पीकरवर ऐका.

किती मोठ्याने ऐकले तर चालते?

विकृती कमी असल्याने कर्ण्याचा आवाज वाढला तरी तो मोठा वाटत नाही, आणि हाच धोका आहे. ८५ डेसिबलला आठ तास ही सुरक्षित मर्यादा धरली जाते, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. १०० डेसिबलला पंधराच मिनिटे. बसायच्या जागेवर एकदा मीटर ठेवून बघा.

पावसाळ्यात काय काळजी घ्यावी?

मुंबई-कोकणात जून ते सप्टेंबर आठवड्यातून दोनदा तरी तासभर वाजवा. कॉइलची ऊब फटीतली ओल घालवते. पेटी जमिनीपासून दोन-तीन इंच उचलून ठेवा आणि भिंतीला टेकवू नका. सुटी युनिटे घशावर झाकण लावून, सिलिका जेलच्या पाकिटांसह बंद डब्यात ठेवा. दोन युनिटे एकमेकांना चिकटवून ठेवू नका. कोनावर बुरशी आली तर ओले फडके नको, मऊ कोरड्या ब्रशने झटका आणि पंख्याखाली दोन दिवस ठेवा. डब्यावर युनिटचा क्रमांक, मोजलेला रोध आणि तारीख लिहून चिकटवा.